रक्षाचे पन्नास सेकंद

१४ जून २००९, रविवार

कृषी केंद्रवाल्यानं जानेवारीत दिलेली ही डायरी बूथच्या खणात पडून होती. आज उघडली, कारण आज मला पद मिळालं, आणि पद मिळालेल्या माणसानं टिपणं ठेवावीत असं आमच्या अपंग संघटनेचे अध्यक्ष प्रभाकरभाऊ म्हणतात. नोव्हेंबरात वर्ध्याला अपंग वधू-वर परिचय मेळावा आहे. उमेदवारांना मंचावर बोलायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

"सूत्रसंचालन तर तुह्याकडंच असते, जया," भाऊ म्हणाले. "पन हे पोट्टे माइकसमोर गेले का थिजतात. मागच्या साली एकीनं नाव सांगतलं अन् रडाले लागली. तयार कर त्याईले."

पद म्हटलं की स्वतःचा परिचय आलाच. वय चौतीस. डावा पाय पोलिओनं गेलेला, त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, दाखल्यावर अपंगत्व बावन्न टक्के. देवळीच्या बस स्टँडसमोर अपंग कोट्यातला एसटीडी बूथ. मोबाइल आल्यापासून दिवसाला चार-पाच कॉल होतात, उरलेला वेळ मी भाषणं रचते. माझा आवाज चांगला आहे. हे लोक म्हणतात, मी फक्त नाकारत नाही.

संध्याकाळी सातला रक्षाचा फोन आला, तिला ही बातमी दिली. रक्षा पुलगावच्या कापड दुकानवाल्या शहांची मुलगी. जन्मापासून दिसत नाही. वर्ध्याला एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे आणि महिला वसतिगृहात राहते. तीन वर्षांपूर्वी संघटनेच्या शिबिरात ओळख झाली. तेव्हापासून रोज सातला ती बूथवर फोन करते आणि मी तिला पेपर वाचून दाखवते. पहिल्या पानापासून निधन वार्तांपर्यंत.

"तू सगळ्याईले बोलाले शिकवशीन," ती म्हणाली. "मंग तुले कोन शिकवन?"

मी म्हटलं, मला कशाला शिकवायला पाहिजे. ती हसली.

ही पोरगी हल्ली मला ताई म्हणत नाही. पहिली दोन वर्षं म्हणायची. विसरत असेल.

३ जुलै, शुक्रवार

पाऊस थोडा. कॉल तीन.

आज पेपरात पहिल्याच पानावर मोठी बातमी होती. दिल्लीच्या हायकोर्टानं सांगितलं की दोन सज्ञान बायका किंवा दोन पुरुष आपल्या मर्जीनं एकत्र राहिले तर तो गुन्हा नाही. मी नेहमीच्या आवाजात वाचली. बाहेर पानठेल्यावरची दोन माणसं वळून पाहायला लागली, तेव्हा जरा हळू केला. वाचून झाल्यावर मी म्हटलं, मोठ्या शहरातल्या भानगडी, आपल्याला काय करायचं, आता पुढची वाचते, पीक कर्जाची.

लाइन कटली वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"हाय मी. ते पुन्हा वाच."

"कोणतं, पीक कर्ज?"

"नाई. पहिलं."

पुन्हा वाचली. आमच्या बूथच्या लाइनीत पावसाळ्यात खरखर येते, तिला नीट ऐकू आलं नसेल. टेलिफोनवाल्यांना तक्रार करायला हवी.

९ ऑगस्ट, रविवार

वर्ध्याला पहिला वर्ग. चौदा जण आले. प्रत्येकाला दोन मिनिटं. मी टेबलावर ठेवायची घंटी विकत आणली आहे, शाळेत मुख्याध्यापकांकडे असते तशी. दीड मिनिटाला एकदा वाजवायची, दोन मिनिटं झाली की दोनदा. दुसऱ्या घंटीनंतर थांबायचंच, मग पुढे कोणी का असेना. नियम म्हणजे नियम.

सेलू तालुक्यातला नत्थू म्हणून एक आहे. दोन्ही पाय नाहीत म्हटलं तरी चालेल, हातानं चालवायची तीनचाकी घेऊन आला होता. जोडीदाराबद्दल अपेक्षा काय, विचारलं तर म्हणतो, "भाकर नाई आली तरी चालते. मी करतो. पन हासनारी पाह्यजे. आमच्या घरात कोनी हासतच नाई."

मी त्याला सांगितलं की मंचावर असं बोलत नसतात, बोलायचं 'गृहकृत्यदक्ष, सुस्वभावी, सुसंस्कृत'. तीन वेळा घोकून घेतलं. गृहकृत्यदक्ष म्हणताना त्याची जीभ अडखळते, पण होईल.

रक्षा मदतीला आली होती. मी घड्याळ पाहून घंटी वाजवायची, तर ती माझ्याआधी बोट उचलायची. एकदाही चुकली नाही. ऑपरेटरच्या कानात घड्याळ असतं म्हणे. एकूण मंडळी मला वचकून आहेत असं वाटलं, ते बरंच.

परतताना माझ्या कॅलिपरचा गुडघ्याजवळचा खटका फार वाजत होता. म्हटलं, शिलाई मशीनचं तेल घालते उद्या.

"नको घालू," रक्षा म्हणाली.

"का?"

"असंच. राहू दे."

तिला तेलाचा वास आवडत नाही बहुतेक.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

काल पोळा झाला. आज दुपारी रक्षाचा मोठा भाऊ धर्मेंद्र मोटारसायकलवर देवळीत आला, थेट बूथवर. मेळाव्याचा फॉर्म घेऊन. रक्षाचा.

"जयाबेन, तिले तुमीच समजवा. आमचं ऐकत नाई. अकोल्याचं एक स्थळ हाय, बेचाळीसचा, बायको वारली, होलसेलची दुकान. हातात थोडा दोष हाय, बाकी सब बढिया. तो मेळाव्यात येते. तिथं परिचय झाला का बोलनी होऊन जाईन."

"नोकरी?"

"अकोल्याले गेल्यावर नोकरीची काय जरूरत."

मी म्हटलं, चांगलं आहे. चांगलंच आहे. आम्ही मंचावरून ओरडून सांगतो की अपंगांनाही संसाराचा हक्क आहे, मग आपल्याच माणसाच्या वेळेला तोंड वाकडं कशाला करायचं. फॉर्म ठेवून घेतला.

सातला रक्षाला सांगितलं की फॉर्म मिळाला. ती म्हणाली, "मंग?" मी म्हटलं, भरू. "तुले भराचा हाय?" असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, माझं कामच आहे ते.

पेपर वाचला नाही आज. ती म्हणाली डोकं दुखतं.

१३ सप्टेंबर, रविवार

रक्षाचा फॉर्म भरला. वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून. नाव, वय तीस, उंची पाच फूट एक, अपंगत्वाचा प्रकार अंध, शंभर टक्के. अपेक्षेच्या रकान्याला आल्यावर ती म्हणाली, "हे मी सांगते. तू फक्त लिही."

तिनं सांगितलं ते असं. रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवणारं कोणी पाहिजे. चालताना ज्याचा आवाज येतो असं, म्हणजे ते खोलीत आहे की नाही हे विचारावं लागत नाही. माझ्या वेळेवर ज्याचं लक्ष असतं असं.

मी लिहिलं, 'सुशिक्षित, निर्व्यसनी, वाचनाची आवड असलेला, वक्तशीर.' चालण्याचं गाळलं. चालताना आवाज सगळ्यांचाच होतो, त्यात छापण्यासारखं काय आहे. तिला वाचून दाखवलं.

"असं बोलली मी?" ती म्हणाली.

"अर्थ तोच आहे."

"तू हुशार हायस, जया. पन कधी कधी बम ढ असते."

इतकी मेहनत करून हे ऐकायचं. चहा न घेताच बस पकडली. कॅलिपरला तेल घालायचं अजून राहिलंच आहे.

१८ ऑक्टोबर, रविवार

निवडणूक झाली, दिवाळी झाली. अकोल्याच्या माणसाचा बूथवर फोन आला. धर्मेंद्रनं नंबर दिला म्हणे, कारण रक्षाला सगळ्यात जास्त मी ओळखते.

त्यानं विचारलं, मुलगी गॅस पेटवते का. कपड्यांच्या घड्या घालते का. घरात सासू आहे, तिचा स्वभाव जरा कडक आहे, सांभाळून घेईल का. बोलताना मध्येच दुकानातल्या नोकराला शिव्या देत होता, हात रिसीव्हरवर ठेवायची अक्कल नाही. त्यातून आवाज नाकातून. 'स्वयंपाक'चा उच्चार 'सैपाक'. अकोल्याला उन्हाळा किती असतो. दुकान होलसेलचं म्हणतो, पण कशाचं ते सांगितलं नाही.

निष्पक्षपणे पाहता स्थळ वाईट नाही. मी हे सगळे मुद्दे फक्त नोंद म्हणून लिहून ठेवले.

रक्षाला म्हटलं, तू अकोल्याला गेलीस की सातचा फोन काही जमणार नाही. ती म्हणाली, "नाई जमनार." आणि मग, "तुले काही म्हनाचं हाय काय?" मी म्हटलं, सुखी राहा, अजून काय म्हणणार.

८ नोव्हेंबर, रविवार

शेवटची तालीम. सगळे पाठ. नत्थू गृहकृत्यदक्ष न अडखळता म्हणाला, टाळ्या पडल्या. रक्षानं मी लिहिलेलं एकशे वीस सेकंदांत एक अक्षर न चुकता म्हटलं, पण आवाज असा, जसं ऑफिसात सांगते, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.'

वर्गानंतर तिनं विचारलं, "समज मी मंचावर माह्याच मनाचं बोलली. तं?"

"दोन मिनिटांत बोल," मी म्हटलं. "दोन मिनिटं ज्याची त्याची असतात. त्यात मी कोणाला अडवत नाही."

"पक्कं?"

"नियम म्हणजे नियम."

२२ नोव्हेंबर, रविवार

मेळावा झाला. क्रमानं लिहिते.

सभागृहाच्या मंचाला सात पायऱ्या. सहा वर्षं आम्ही रॅम्प मागतो आहोत. नेहमीप्रमाणे दोन स्वयंसेवक एकेकाला खुर्चीसकट उचलत होते आणि आमदारांचे प्रतिनिधी त्याकडे कौतुकानं पाहत होते. मी बाजूच्या टेबलाशी. माइक, यादी, घड्याळ, घंटी.

वर क्रमांक बारा, नत्थू. नाव-गाव झालं आणि पुढचं सगळं विसरला. माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी 'गृह, गृह' करत होते. तो समोर वळला आणि म्हणाला, "मले हासनारी बायको पाह्यजे. भाकर मी करतो." सभागृह इतकं हसलं की चौथ्या ओळीत कुबड्या पडल्या. जेवणाच्या सुट्टीत दोन घरच्या लोकांनी त्याचा पत्ता घेतला. मला जरा लागलंच.

वधू क्रमांक एकोणीस, रक्षा शहा. कोणाचा हात न धरता सात पायऱ्या काठीनं चढली. माइकच्या दांड्याला एकदा हात लावला आणि सुरू झाली. नाव, वय, नोकरी, शंभर टक्के. चाळीस सेकंद झाले. मग म्हणाली,

"अपेक्षा पत्रकात छापली हाय, ते माह्यी नाई. ते जयानं लिहिली. फॉर्म माह्या भावानं आनला. मले नवरा नको. मी कोनाची वाट पाहून राह्यली, हे मले माहीत हाय. ते बाई हाय. मले यात काही चुकीचं वाटत नाई, अन् कोर्टालेही नाई वाटलं. ते बाई आपल्यातलीच हाय, इथंच—"

घंटी वाजली. दोनदा. मीच वाजवली.

माझा हात गेला तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलेलं नव्हतं. नंतर पाहिलं. सत्तर सेकंद झाले होते.

मागे कोणीतरी हसलं. बऱ्याच लोकांना काही समजलंच नव्हतं, ते पत्रक चाळत होते. पाचव्या ओळीत धर्मेंद्र उभा राहिला होता. मी माइकवर म्हटलं, "धन्यवाद. वधू क्रमांक वीस यांनी मंचावर यावं." माझा आवाज जराही हलला नाही.

रक्षा तशीच उभी होती. माइकपासून तोंड बाजूला करून, मला ऐकू जाईल इतपतच, म्हणाली, "अजून पन्नास सेकंद होते." आणि पायऱ्या उतरून गेली. एकतिसाव्या क्रमांकापर्यंत सगळं मी नीट पार पाडलं.

२३ नोव्हेंबर, सोमवार

सातला फोन वाजला नाही.

२५ नोव्हेंबर, बुधवार

प्रभाकरभाऊ बूथवर आले. त्यांचा उजवा हात कोपरापासून नाही, त्यामुळे रागात ते डावाच हात दोन्ही हातांइतका हलवतात. आज हलवला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर.

"तीन तारखेले अपंग दिन हाय. आमदारसाहेब रॅम्पची घोषना करनार हायेत. सहा साल चपला झिजवल्या आपन, जया. आता हे काय मधातच. लोक म्हनतीन, अपंगाईचं संघटन म्हनून आलो अन् तिथं हे चालू हाय."

रक्षाला त्या दिवशी उत्कृष्ट कर्मचारी म्हणून शाल-श्रीफळ मिळणार होतं. ते नाव त्यांनी खोडलं. मग मेळाव्याचं इतिवृत्त मागितलं. इतिवृत्त लिहायचं काम माझंच. ते सांगत होते आणि मी लिहिलं, 'वधू क्र. १९ यांची प्रकृती ठीक नसल्याने त्यांचा परिचय अपूर्ण राहिला.' सही केली.

भाऊ वाईट माणूस नाहीत. जाताना म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पन प्रत्येक गोष्टीची एक येळ असते." हेच वाक्य रॅम्पबद्दल आम्हाला सहा वर्षं ऐकवलं गेलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं ते बस निघून गेल्यावर.

२८ नोव्हेंबर, शनिवार

सहावा दिवस. सात वाजले की मी उगाच रिसीव्हर उचलून डायल टोन आहे का पाहते. असतो. पेपर घडी न मोडता तसेच साठलेत.

आई शेतातून आली. कापूस वेचायला कमरेला बांधलेला ओटा सोडला, बूथच्या पायरीवर बसली. आईचं नाव रुख्माबाई, पण गावात तिला रेडिओ म्हणतात, इतकी माहिती ती ठेवते.

"सातचा फोन बंद हाय," ती म्हणाली. "भांडन झालं?"

"हो."

"चुकी कोनाची?"

"माझी."

"मंग तू कर. जिची चुकी तिनं कराव." थोडं थांबून म्हणाली, "तुह्या बापासंग मी तीस साल राह्यली. जेवढं तू तिच्यासंग एका महिन्यात बोलत, तेवढं आमचं जलमात नाई झालं. मी काही म्हनत नाई. पन कान मलेही हाय."

पदर झटकून चुलीकडे गेली. भाजी कोणती करू, ते तिथून विचारलं.

आज लिहूनच टाकते, डायरी माझीच आहे. मी घंटी वाजवली कारण पुढचा शब्द माझं नाव असणार होता. मला ते माहीत होतं. आधीपासून माहीत होतं का, तर मागची पानं आज चाळली आणि लाज वाटली. चालताना आवाज येणारं कोणी. मी ते गाळलं. नऊ वर्षं मंचावर उभी राहून सांगते की आम्हाला आमचं बोलू द्या, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही माणसाच्या तोंडात मी त्याचं स्वतःचं वाक्य राहू दिलं नाही. नत्थूच्या तोंडात राहिलं, ते तो मी घोकून घेतलेलं विसरला म्हणून.

मला रक्षा पाहिजे. ती अकोल्याला नको, कुठंच नको. सातला आणि आठला आणि सकाळी पण पाहिजे. हे लिहिलं, आता खोडणार नाही.

३० नोव्हेंबर, सोमवार

मोबाइल ती उचलत नाही. म्हणून ऑफिसच्या नंबरावर केला.

"नमस्कार, कोणाशी बोलायचं आहे?" शुद्ध, ऑपरेटरचा आवाज.

"तुझ्याशी."

"या नावाचं एक्स्टेन्शन नाही."

"रक्षा, मी इतिवृत्तात खोटं लिहिलं."

"तक्रार विभागाला जोडून देऊ?"

"तीन तारखेला ये. मला पाच मिनिटं आहेत भाषणाला. त्यातले पन्नास सेकंद तुझे. मी परत देणार आहे."

तिकडे कोणीतरी टाइप करत होतं, ते ऐकू आलं. मग ती हळू म्हणाली, "धर्मेंद्रभाई राजीनामा लिहून घेऊन आलता. माह्या नावाचा. मी सही नाई केली. त्याच्यासाठी मले कोनी भाषन नाई शिकवलं." आणि पुन्हा ऑपरेटरच्या आवाजात, "लाइन व्यस्त आहे, नंतर प्रयत्न करा." ठेवला.

येणार की नाही ते सांगितलं नाही.

३ डिसेंबर, गुरुवार

वर्धा. तेच सभागृह, त्याच सात पायऱ्या. घंटी मी घरी ठेवली.

साहेबांनी रॅम्प जाहीर केला, टाळ्या झाल्या, भाऊंचे डोळे भरून आले. मलाही खरंच बरं वाटलं. मग माझं नाव पुकारलं. माझं नेहमीचं भाषण सगळ्यांना पाठ आहे. 'आम्हाला दया नको, संधी हवी' इथे टाळी पडते. ते वाक्य मी म्हटलं नाही.

मी म्हटलं, "बावीस नोव्हेंबरला याच मंचावर एक बाई बोलत होत्या. त्यांना दोन मिनिटं होती. सत्तर सेकंदांना मी घंटी वाजवली. इतिवृत्तात मी लिहिलं की त्यांची प्रकृती ठीक नव्हती. त्यांची ठीक होती. घाबरले मी होते. त्या सांगत होत्या की त्यांना एका बाईसोबत राहायचं आहे. जुलैत कोर्टानं सांगितलं की हा गुन्हा नाही. ती बातमी मी वाचली आहे, दोनदा. आपण म्हणतो, आमचा पाय पाहून आमचं आयुष्य ठरवू नका. आणि मी इथं बसून सगळ्यांच्या अपेक्षा ठरवत होते. रक्षा शहा सभागृहात असतील तर माझ्या वेळेतले पन्नास सेकंद त्यांचे आहेत. नसतील तर मी तेवढा वेळ गप्प उभी राहते."

साहेब मोबाइल पाहायला लागले. भाऊंनी डावा हात कपाळाला लावला. मी घड्याळ पाहत नव्हते, पण फार वेळ गेला असं वाटलं. मग मागून काठीचा आवाज आला.

सात पायऱ्या. मी माइकपासून बाजूला झाले. खटका वाजला, तशी ती बरोबर माझ्या शेजारी येऊन थांबली.

"ते बाई आपल्यातलीच हाय, इथंच हाय," ती म्हणाली, जिथं तोडलं होतं तिथूनच. "मी तिचं नाव सांगनार होती. दहा दिवस विचार केला. ते माह्यं काम नाई. मले दिसत नाई म्हनून लोक जलमभर माह्यासाठी बोलत आले, मी दुसऱ्यासाठी काऊन बोलू. मी अकोल्याले जात नाई, नोकरी सोडत नाई. एवढंच. वीस सेकंद उरले. ते मी जयाले देते."

आणि सरकून उभी राहिली.

नऊ वर्षं माइक हातात आहे, पण असा जड कधी झाला नव्हता. मी नाव सांगितलं, वय चौतीस सांगितलं, बावन्न टक्के सांगितलं. फॉर्म भरावा तसं. मग म्हटलं, "ती बाई मी."

पुढचं काही सुचेना. पायऱ्यांजवळ नत्थू आपल्या तीनचाकीत बसला होता. त्यानं हँडलची घंटी वाजवली, दोनदा.

"टाइम झाला, जयाताई," तो म्हणाला. "उतरा आता. पाय दुखत असन."

काही लोक हसले. पाच-सहा टाळ्या पडल्या, बाकीचे एकमेकांकडे पाहत होते. प्रभाकरभाऊंनी उठून आभार मानले आणि चहा सांगितला. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, सूत्रसंचालनाचं सध्या दुसऱ्या कोणाला पाहू, थोडे दिवस. मी बरं म्हटलं. इतिवृत्ताची वही मागितली, तिथंच ती ओळ खोडली आणि खरी लिहून सही केली. त्यांनी पाहिलं, वही काखेत घेतली, फाडली नाही.

धर्मेंद्र आला नव्हता. रक्षानं बस स्टँडपर्यंत माझा दंड धरला. वाटेत मी सॉरी म्हटलं, तर म्हणाली, "पायाकडं पाहून चाल, खड्डा असन." ती वसतिगृहाकडे वळली आणि मला देवळीची बस मिळाली.

४ डिसेंबर, शुक्रवार

कॉल दोन. पानठेलेवाला दुपारी सुट्टे मागायला येतो, आज आला नाही. बातमी देवळीत पोचलेली दिसते. आईला शेजारणीनं काहीतरी विचारलं. आई म्हणाली, "माह्या पोरीचा आवाज चांगला हाय, ते बोलनारच." ती शेजारीण परत आलेली नाही. धनंजय, माझा भाऊ, सकाळपासून माझ्याशी बोललेला नाही. बूथ उघडायच्या वेळी मात्र न सांगता येऊन शटर वर करून गेला, ते माझ्यानं एकटीनं होत नाही.

सात वाजले. सात वाजून एक. रक्षा कधी उशीर करत नाही. मी पेपर समोर घेऊन बसले. सात वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला.

"उशीर?" मी म्हटलं.

"मुद्दाम. थोडी तुलेही वाट पाहू दे." मग म्हणाली, "वाच."

कालच्या कार्यक्रमाची बातमी पाचव्या पानावर खाली होती. मी माझ्या नेहमीच्या आवाजात वाचली. "वर्धा येथे जागतिक अपंग दिन उत्साहात साजरा. सभागृहात लवकरच रॅम्प. याप्रसंगी कुमारी जया व कुमारी रक्षा शहा यांनीही मनोगत व्यक्त केले. आभार प्रभाकरराव यांनी मानले. कार्यक्रमाची सांगता राष्ट्रगीताने झाली."

मग ती हसायला लागली. इतकी हसली की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचली.